घाट चढणाऱ्या ट्रेलरचं हेड गॅस्केट उडू नये म्हणून

रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन येतो. “शेठ, गाडी हीट झालीय. बोगद्याच्या अलीकडं कडेला घेतलीय, डब्यातून पाणी बाहेर येतंय.” मी पहिला प्रश्न विचारतो तो गाडीचा नसतो. विचारतो, “पाणी किती दिवसांपासून टाकत होता?” थोडा वेळ पलीकडं शांतता. मग हळूच, “रोज सकाळी लिटरभर. पंधरा दिवस झाले असतील.”

म्हणजे गॅस्केट आज रात्री बोरघाटात गेलेलं नाही. ते पंधरा दिवसांपासून जात होतं, आणि हे गाडीतल्या किन्नरला, म्हणजे क्लीनरला, माहीत होतं, मला नव्हतं. न्हावाशेव्यातून कंटेनर उचलून चाकण-रांजणगावला पोचवणाऱ्या गाड्या सांभाळताना मी जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नात येतं. खाली ते पायरीपायरीनं लिहितो. ऊस ओढणारी गाडी असो, मशिनरीचा लो-बेड असो की मागं ट्रॉली जोडलेला पिकअप असो, तत्त्व तेच आहे.

गॅस्केटवर नेमकं काय येतं

ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा खालचा भाग) आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) यांच्या मध्ये दाबून बसवलेला हा पातळ पत्रा. हल्लीच्या इंजिनांत स्टीलचे अनेक थर एकावर एक असतात, जुन्यांत वेगळं मटेरियल असायचं. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता गॅस, पाणी आणि ऑइल.

एक हिशेब करून बघा. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १०७ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ९० चौरस सेंटिमीटर होतं. आजच्या टर्बो डिझेलमध्ये जळताना १५० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब तयार होतो (१ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो). गुणाकार केला की दर फटक्याला हेडला वर उचलू बघणारा तेरा टनांहून जास्त जोर बसतो, तोही एका सिलिंडरमध्ये. इंजिन १५०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ७५० वेळा हा फटका मारतो. हेड बोल्ट ताणून बसवलेले असतात ते यासाठी. बोल्टचा ताण या जोराला पुरून उरतो तोवर गॅस्केट हलत नाही. उष्णतेनं हेड वाकलं, किंवा दाब ठरल्यापेक्षा वाढला, की केसाएवढी फट पडते. तिथून जळता गॅस एकदा जायला लागला की तो वेल्डिंगच्या ज्योतीसारखा वाट कोरत जातो.

म्हणून गॅस्केट टिकवायचं म्हणजे दोनच गोष्टी ताब्यात ठेवायच्या: उष्णता आणि सिलिंडरमधला दाब. बाकी सगळं त्याचा तपशील.

घाटात काय बदलतं

समजा गाडी आणि माल मिळून ४० टन आहे, चढ ५ टक्क्यांचा आहे, वेग ताशी २० किलोमीटर. नुसतं वर चढायला सुमारे ११० किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि गिअर-हाउसिंगमधलं नुकसान धरलं तर इंजिनला साधारण १३५ किलोवॅट, म्हणजे १८० हॉर्सपॉवरच्या पुढं काम करावं लागतं. त्याच्या निम्म्याइतकी उष्णता ढोबळमानानं पाण्यात जाते. घरातले दोन किलोवॅटचे तीसेक गीझर एकदम चालू केल्यासारखं आहे ते. तीच गाडी सपाटीवर ताशी ६० नं चालते तेव्हा उष्णता याच्या निम्मी असते आणि समोरून वारा मात्र तिप्पट. घाटात वाऱ्याचा आधार संपतो, सगळं काम एकट्या फॅनवर येतं. त्यात पाठीमागून वारा असेल किंवा शनिवार-रविवारच्या गर्दीत खंडाळ्याच्या खाली तासभर रांगत राहावं लागलं, तर विचारायलाच नको.

रेल्वेसुद्धा या घाटात एका इंजिनवर भरवसा ठेवत नाही. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावते, कारण कर्जत-लोणावळा चढ ३७ ला १ आहे. आपल्या गाडीला मागून ढकलणारं कोणी नाही.

पायरी पहिली: पाण्याची वही

केबिनमध्ये एक साधी वही ठेवा. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) डब्यातली पातळी बघायची आणि तीनच गोष्टी लिहायच्या: तारीख, किलोमीटर, किती टाकलं. काहीच टाकलं नाही तर शून्य लिहायचं. रिकामी जागा ठेवायची नाही.

बंद सिस्टिमच्या चांगल्या गाडीत महिनोन्‌महिने शून्यच दिसायला हवं. पंधरवड्यात दोनदा जरी टाकावं लागलं तरी पाणी कुठं जातंय ते शोधायचं, आणि ते पुढची घाटाची खेप देण्याआधी. यात एक अडचण आहे. किन्नरला वाटतं, जास्त लिहिलं तर शेठ ओरडतील. म्हणून पाणी जास्त लागतंय असं सांगणाऱ्याला मी कधी बोलत नाही. उलट चहा पाजतो.

पायरी दुसरी: डब्यात काय आहे

ढाब्यावरचं बोअरचं पाणी हे रेडिएटरचं विष आहे. आपल्याकडच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी इतकं क्षारांचं असतं की पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. तोच थर हेडमधल्या अरुंद वाटांत बसतो. बाहेर कूलंट ९० अंशांवर दिसतं, पण थराच्या आतलं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. तापमानाच्या काट्याला ते कळत नाही.

कंपनीनं मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचंच कूलंट वापरा. तयार मिश्रण मिळत असेल तर तेच घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घालून ते पातळ करा. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, नारंगी या रंगांवरून आतलं रसायन कळत नाही, आणि दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळली तर गाळ धरू शकतो. आमच्या हवेत गोठायचा प्रश्नच नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. त्याचं खरं काम गंज रोखण्याचं आहे. जड गाड्यांच्या बऱ्याच इंजिनांत लायनरला (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीला) बाहेरून थेट पाणी लागतं. फटक्यागणिक लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे बनून फुटतात आणि त्यानं लोखंडाला टोचल्यासारखे खड्डे पडतात. कूलंटमधलं रसायन हे थांबवतं. नुसतं पाणी भरून वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचा लायनर काढून एकदा बघा, चाळणीसारखा दिसतो.

खेपेत अडचण आलीच तर बाटलीबंद पाणी टाका, पण वहीत तसं लिहा. म्हणजे परत आल्यावर मिश्रण तपासता येईल.

पायरी तिसरी: जाळी, फॅन, झाकण, वॉल

गाडीच्या पुढच्या भागात एकामागं एक जाळ्या असतात: सगळ्यात पुढं एसीची, मग इंटरकूलरची (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारी), मग रेडिएटरची. नव्यानं बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांना २०२५ मध्ये एसी केबिन बंधनकारक झाल्यानं एसीची जाळी हळूहळू सगळ्यांकडं येणार. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. कचरा बसतो तो दोन जाळ्यांच्या मध्ये: धूळ, किडे, पावसाळ्यातला चिखल, ऊसपट्ट्यात पाचटाचा भुगा. बॅटरीचा प्रकाश मागून टाकून बघा, पुढं दिसला नाही तर जाळी बुजली आहे. धुताना इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, हलक्या दाबानं पाणी मारा. वॉशिंग सेंटरवाला प्रेशर गन जवळ लावून मारतो तेव्हा पातळ पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते. मी ते काम स्वतः उभं राहून करून घेतो.

फॅन व्हिस्कस क्लचचा (गरम झाल्यावर आपोआप पकड घेणारा) असेल तर गरम इंजिनला त्यानं जोरात घोंघावलं पाहिजे. काटा चढतोय आणि फॅनचा आवाज मात्र बदलत नाही, हे लक्षण वाईट. इंजिन बंद आणि गरम असताना हातानं पातं फिरवून बघा, सैलसर गरगर फिरलं तर क्लच गेला. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलेलं असेल तर फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. गॅरेजमध्ये ते काढून ठेवलेलं असतं आणि कोणालाच आठवत नाही.

झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. त्यातली स्प्रिंग सिस्टिममध्ये दाब धरून ठेवते. साध्या वातावरणात १०० अंशांना उकळणारं पाणी सुमारे १ बार जादा दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की हा वीस अंशांचा आधार गेला, आणि लोणावळ्याच्या उंचीवर दाब नसलेलं पाणी शंभरच्याही थोडं आधीच उकळतं. झाकणावर छापलेला आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळवून घ्या. घाट नियमित असेल तर मी दर दोन वर्षांनी नवीन टाकतो, खराब दिसो वा न दिसो.

आता वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट. “हीट होतेय? वॉल काढून टाका,” हा सल्ला आपल्याकडं प्रत्येक दुसरा मिस्त्री देतो. ऐकू नका. पुष्कळ इंजिनांत हा वॉल उघडताना सोबत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो. वॉलच काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनमध्ये फिरत राहतं. सपाटीवर इंजिन थंड राहतं, ऑइल खराब होतं, डिझेल जास्त लागतं. घाटात मात्र गाडी आधीपेक्षाही लवकर हीट होते. वॉलवर संशय असेल तर पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून बघा. किती अंशांना उघडायला हवा ते त्याच्यावर छापलेलं असतं.

पाइप, बेल्ट आणि वॉटर पंपाच्या खालचं थेंब टपकायचं भोक ही तिन्ही एकाच वेळी बघून होतात, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी चौथी: गिअर

पाण्याची सगळी कामं केली आणि ड्रायव्हरनं गाडी उंच गिअरमध्ये दाबून चढवली, तर सगळ्यावर पाणी पडतं. कमी आरपीएम आणि पूर्ण ॲक्सिलरेटर ही गॅस्केटसाठी सगळ्यात वाईट जोडी. प्रत्येक फटक्यात भरपूर डिझेल जळतं, दाब कळसाला जातो आणि नेमक्या त्याच वेळी वॉटर पंप आणि फॅन हळू फिरत असतात. इंजिन घुमायला लागलं, केबिन थरथरायला लागली, की समजा गॅस्केटला चटका बसतोय.

खोपोली मागं टाकली की चढ अंगावर यायच्या आधीच एक गिअर खाली घ्या. टॅकोमीटरचा (आरपीएमच्या मीटरचा) हिरवा पट्टा असतो, त्याच्या वरच्या अर्ध्यात सुई ठेवा. पूर्ण दाबूनही वेग वाढत नसेल तर पाय थोडा उचला. पूर्ण दाबलेल्या आणि किंचित उचललेल्या पायात वर पोचायचा फरक दोन-चार मिनिटांचा असतो. घाट संपला की लगेच इंजिन बंद करू नका. पंप थांबला की हेडमध्ये साठलेली उष्णता जागेवरच्या पाण्याला उकळवते, आणि टर्बोचं ऑइलही जळतं. तीन ते पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा.

इथं मालकांनाच चार शब्द ऐकवायचे आहेत. डिझेल वाचवलं तर बक्षीस, अशी योजना पुष्कळ ठिकाणी असते. माझ्याकडंही होती. ड्रायव्हरनं सरळ हिशेब केला: आरपीएम कमी तर डिझेल कमी. तो चुकीचा नव्हता, मीच त्याला घाट उंच गिअरमध्ये चढायचे पैसे देत होतो. आता घाटाच्या खेपांचं ॲव्हरेज बक्षिसात धरत नाही.

पायरी पाचवी: पंप वाढवू नका

पिकअप कमी वाटतो म्हणून जुन्या गाडीत डिझेल पंप वाढवणं आणि नव्यात ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) प्रोग्रॅमिंग बदलून घेणं हे एकच पाप आहे. जादा डिझेल म्हणजे जादा उष्णता आणि जादा दाब. टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुढं घेतलं तर दाब आणखी वर. हेड बोल्ट तेच राहतात. ओव्हरलोडचं गणितही असंच. जुलै २०१८ मध्ये सरकारनं एक्सलवरची मर्यादा वाढवली आणि ट्रेलरचं कमाल वजन ४९ वरून ५५ टनांवर नेलं, म्हणून जुन्या मॉडेलचं इंजिन आपोआप मोठं झालं नाही. टपकणारा इंजेक्टर हा याचाच छोटा भाऊ: एकाच सिलिंडरचं डोकं जास्त तापतं आणि गॅस्केट तिथंच जळतं.

पायरी सहावी: काटा चढायला लागला तर

पुष्कळ गाड्यांमध्ये काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. शक्य असेल तर अंशांत आकडा दाखवणारा वेगळा मीटर बसवून घ्या. आमच्या ड्रायव्हरना मी आकडा पाठ करायला सांगितलाय: या गाडीला या घाटात रोज किती दिसतो, आणि आज त्यापेक्षा किती जास्त आहे.

चढायला लागला की एसी बंद. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर. गिअर खाली, पाय हलका. तरी चढतोय तर सुरक्षित जागा बघून थांबा, इंडिकेटर लावा, मागं त्रिकोण ठेवा. इंजिन लगेच बंद करू नका, आयडलपेक्षा थोडं वर चालू ठेवून दोन-तीन मिनिटं बघा. पाणी बाहेर फेकलं जात असेल किंवा पाइप फुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद. एक फसवणूक लक्षात ठेवा: पाणी सगळं गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. चढलेला काटा अचानक खाली आला आणि सोबत हीटरची हवा गार झाली, तर गाडी थंड झाली म्हणून खूश होऊन पुढं निघू नका.

झाकणाला पाऊण-एक तास हात लावायचा नाही. उकळत्या वाफेनं चेहरा भाजलेले लोक मी बघितलेत. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतायचं नाही, ओतीव लोखंडाचं हेड चरकन तडकतं.

पायरी सातवी: गॅस्केटच आहे का?

इथं घाईत हेड उतरवून बरेच पैसे जातात. लक्षणं बघा: थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत, पाणी गरमही झालेलं नसताना, वरचा पाइप दगडासारखा टणक होतो. डब्यात सतत बुडबुडे. डब्याला धुराचा वास. सकाळी पांढरा, दाट, ओला धूर. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल.

पण बुडबुडे दिसले म्हणजे गॅस्केटच असं नाही. एअर ब्रेकच्या गाड्यांमध्ये हवेचा कंप्रेसर बहुधा इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो, आणि त्यालाही स्वतःचं छोटं हेड आणि गॅस्केट असतं. ते गेलं तर हवा पाण्यात शिरते आणि हुबेहूब तेच चित्र दिसतं. तपासणं सोपं आहे. गाडी उभी करून हवा भरू द्या. टाक्या भरून कट-ऑफचा “फुस्स” आवाज आला की कंप्रेसर मोकळा फिरतो. त्याक्षणी बुडबुडे थांबले, आणि ब्रेक दोन-चारदा मारून हवा उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर आधी कंप्रेसर बघा. एका गाडीचं हेड आम्ही याच चुकीनं उतरवलं होतं, परत बसवल्यावरही बुडबुडे तसेच.

डब्यातली हवा निळ्या द्रवातून सोडून, जळका गॅस असेल तर त्याचा रंग बदलतो का हे बघायची टेस्ट करून घ्या, पण ती इंजिनवर लोड देऊन. डिझेलमध्ये हवेचं प्रमाण जास्त असल्यानं आयडलवर गॅस इतका पातळ असतो की रंग बदलत नाही. पाणी कमी होतंय, बाहेर कुठंच गळत नाही, ऑइलही साफ आहे, अशी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनमध्ये घेणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर ईजीआर कूलर फुटलाय का तेही बघा. दाब देऊन सिस्टिम तपासायचा हातपंप स्वस्त असतो, दोन-तीन गाड्या असतील तर विकतच घ्या.

पायरी आठवी: हेड उतरवलंच तर

नवं गॅस्केट टाकून दोन महिन्यांत पुन्हा उडालं, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या वेळी कारण न शोधताच काम केलेलं असतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजनं वाक मोजायला लावा, मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधली. फेसिंग मारायच्या (मशीनवर पृष्ठभाग सपाट करायच्या) आधी दाब देऊन तडा तपासा, तडकलेल्या हेडला फेसिंग मारणं म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई. ब्लॉकही मोजा, आणि वेट (बाहेरून पाणी लागणारे) लायनर असतील तर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती आलाय तेही. तो खाली बसला असेल तर त्या सिलिंडरवर गॅस्केट दाबलंच जात नाही, कितीही भारी टाका. ग्राइंडरला कापडी डिस्क लावून पृष्ठभाग घासणाऱ्याला थांबवा, त्यानं खळगे पडतात.

बोल्टची भोकं साफ करून कोरडी करा. तळाशी ऑइल साचलं असेल तर बोल्ट त्याच्यावरच अडतो, रेंच टॉर्क पुरा दाखवतो आणि हेड मात्र सैल. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर नवे घ्या किंवा मॅन्युअलनं सांगितलेली लांबी मोजा. टॉर्क मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, आणि शेवटी सांगितलेल्या अंशांचा कोन. अंदाजानं पाना ओढणाऱ्या हाताला मी आता माझं हेड देत नाही, तो कितीही जुना मिस्त्री असो. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटवर सिलिकॉन लावायचं नाही, कंपनीनं एखाद्या कोपऱ्यात सांगितलं असेल तेवढंच.

भरताना सिस्टिममधली हवा पूर्ण काढा, ब्लीड स्क्रू असतील तर ते उघडून. पहिली खेप हलकी आणि घाटाशिवायची द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात, इंजिन थंड असताना, स्वतः जाऊन पातळी बघा. आत अडकलेली हवा निघाल्यानं पहिल्यांदा थोडं कमी होईल, तेवढं टाका आणि वहीत लिहा. मग सलग सात दिवस शून्य आलं की गाडीला खोपोलीचा रस्ता दाखवा.